बीएसए डब्ल्यूएम-२० आणि साइडकार: कोल्हापूरच्या शेडमधल्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळी उरकली आणि गडहिंग्लजहून टेम्पो आला. आत्याच्या वाड्यातल्या गोठ्यात कडब्याखाली पडून असलेली बीएसए मोटारसायकल, साइडकारसकट, आता माझ्या शेडमध्ये उभी आहे. आज फक्त धुलाई आणि यादी. पान्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, आणि उस्ताद शेजारी चहा पीत बसल्यानं ते पाळलंही गेलं.

इंजिनाच्या केसवर नंबराच्या आधी ‘डब्ल्यूएम-२०’ ठोकलेलं स्वच्छ वाचता येतं. ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रिटिश युद्धखात्याच्या कंत्राटातली. एम-२० हे मॉडेल बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातून १९३७ पासून निघत होतं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सव्वा लाखाच्या वर गाड्या बाहेर पडल्या. ४९६ सीसी, एकच सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह, ताकद जेमतेम १३ हॉर्सपॉवर. पळण्यासाठी नाही, ओढण्यासाठी केलेली गाडी.

पुढचा फोर्क गर्डरचा, मध्ये एक उघडी जाड स्प्रिंग. मागे स्प्रिंगच नाही. जो काही मऊपणा आहे तो सीटखाली. मुठींवर रबराऐवजी कॅनव्हास, आणि पाय ठेवायच्या खुंट्या नुसत्या लोखंडी. १९४२ च्या सुरुवातीला मलाया जपानच्या हाती गेला, रबराचा तुटवडा पडला आणि लष्करी मोटारसायकलींच्या मुठींवरचं रबर गेलं. आत्याला फोनवर विचारलं. म्हणाली, “आमच्याकडं आली तवापासनं तसंच हाय. हाताला टोचायचं म्हणून मामंजी मोजे घालायचे.”

तिच्या मामंजींनी ही युद्धानंतर पुण्यात लष्कराच्या मोडीच्या मालातून घेतली. साइडकार पुढं बसवली. जुन्या आरसी बुकात तशी नोंद आहे. शिक्का दिसतो, साल वाळवीनं खाल्लंय. साल गेलं तर गेलं, नोंद आहे हे महत्त्वाचं. त्याबद्दल पुढं.

साइडकारवर ना पाटी ना नंबर. नळ्यांची चासी, त्यावर लाकडी सांगाडा, सांगाड्यावर पत्रा, नाक निमुळतं. मागं दोन वळवलेल्या पात्यांच्या स्प्रिंगा. चाक मात्र १९ इंची, मोटारसायकलचंच. टायर ३.२५ बाय १९, म्हणजे कुठल्याही बुलेटवाल्याच्या दुकानात मिळणारा. एवढी एकच गोष्ट आज सोपी निघाली.

१९ नोव्हेंबर

पाने. या गाडीवर मेट्रिक काहीच बसत नाही. इंजिनावर व्हिटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या इंग्रजी मापांचे आटे, चासीवर बहुतेक सायकल थ्रेड, इंचाला २६ आटे. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या दांड्याचा असतो. त्यामुळं अर्ध्या इंचाचा पाना हातात घेतला की नवीन पोरगं चक्रावतं, कारण तो अर्धा इंच तोंडाच्या नटावर घळघळीत होतो. उस्तादांकडं त्यांच्या वडलांचा पान्यांचा पूर्ण गठ्ठा आहे, टायरच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेला. तो ते कुणाला देत नाहीत. पान्यांबरोबर स्वतः येतात.

मधल्या काळात कुणीतरी सहा-सात ठिकाणी १० मिलिमीटरचे बोल्ट रेटून घातलेत. ते काढून आटे भरून घ्यावे लागतील.

आजची तारीख लिहिताना लक्षात आलं: १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री स्मॉल हीथच्या याच कारखान्यावर जर्मन बाँब पडले आणि ५३ कामगार मेले. त्यानंतर काम आजूबाजूच्या लहानमोठ्या जागांत पांगवलं, आणि उत्पादन वाढतच गेलं. उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे उद्यमनगरवानीच की. एका गल्लीत पिस्टन, दुसऱ्या गल्लीत रिंगा.” उद्यमनगर म्हणजे कोल्हापुरातली कारखान्यांची वस्ती.

१ डिसेंबर

साइडकार सुटी केली. सोडवण्याआधी सगळी मापं घेतली, कारण एकदा सुटली की ती कशी बसली होती याचा पुरावा जातो.

जोड चार आहेत. खालचे दोन फ्रेमच्याच घडीव कानांवर. बीएसएनं एम-२० च्या फ्रेमला साइडकारसाठी जागा मुळातच ठेवलेली आहे. वरचे दोन तिरके दांडे, एक सीटखाली आणि एक पुढच्या नळीला. पुढचा पट्टा मात्र आपल्याकडचा, लोहारकामाचा. घणाच्या खुणा दिसतात. काम पक्कं आहे, ते तसंच ठेवणार.

मापं मात्र सगळी बिघडलेली. साइडकारचं चाक पुढच्या बाजूला मोटारसायकलकडं किंचित वळलेलं असायला हवं. इथं ते जवळजवळ समांतर. आणि मोटारसायकल साइडकारपासून उजवीकडं थोडी झुकलेली असायला हवी. ही डावीकडं, साइडकारवर रेलून उभी. आपल्याकडं गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, रस्त्याचा उतारही डावीकडं, आणि साइडकारही डावीकडंच. म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढणार. हँडल धरून बसणाऱ्याच्या खांद्याचं काय होत असेल, याची कल्पना आली. मागचा टायर एका बाजूनं धाग्यापर्यंत झिजलाय, त्याचंही कारण हेच.

“रडत चालत असनार ही,” उस्ताद म्हणाले.

१५ डिसेंबर

इंजिन उघडलं. साइड व्हॉल्व्हच्या इंजिनाचं हेड म्हणजे नुसतं झाकण. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, उलटे, खालून वर उघडणारे. हेड काढलं की पिस्टन आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकाच नजरेत दिसतात. कार्बन खरवडायला हेड काढलं तरी टायमिंगला धक्का लागत नाही. वाळवंटात किंवा चिखलात ज्यांना हे करावं लागलं, त्यांच्यासाठी हा गुण मोठा होता. तोटा असा की जळणाऱ्या वायूला वाट वाकडी मिळते, कॉम्प्रेशन पाचाला एकच्याही खाली राहतं आणि एक्झॉस्टच्या बाजूचा सिलिंडर भयंकर तापतो.

पिस्टनवर ६० थाऊ मोठा असल्याचा छाप (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). सिलिंडर आधीच शेवटच्या मापाला बोअर झालेला आणि त्यावरही वरच्या कडेला नख अडकेल एवढी पायरी. आता लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत नवी बाही.

ऑइल पंपाचे गिअर ठीक. मात्र टाकीतून क्रँककेसमध्ये तेल झिरपण्याची जुनी खोड या इंजिनांना असतेच. गाडी महिनाभर उभी राहिली की तेलाची टाकी रिकामी आणि क्रँककेस भरलेला. न बघता किक मारली की सायलेन्सरमधून निळा धूर, पेठभर. झडपेची गोळी आणि तिची बैठक साफ करून घेतली.

५ जानेवारी २०२५

क्रँक. हा दिवस पूर्णपणे उस्तादांचा, मी फक्त डायल गेज वाचत होतो.

बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे, रोलर खड्डे पडलेले, पिनही गेलेली. नवी पिन आणि रोलरचा संच ब्रिटनहून मागवला होता. कस्टमसकट जी रक्कम झाली ती घरात सांगितलेली नाही. दोन फ्लायव्हील आणि मधली पिन असा हा क्रँक नटांनी आवळून एक करायचा, आणि मग खरी परीक्षा: दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आणायचे. लेथच्या दोन सेंटरमध्ये क्रँक धरला, दोन्ही शाफ्टवर काटे लावले आणि हातानं हळूहळू फिरवला. डाव्या बाजूचा काटा सहा थाऊ हलत होता. उस्तादांनी जिथं काटा वर गेला तिथं फ्लायव्हीलच्या कडेला खडूनं रेघ मारली, क्रँक काढून डाव्या हातात एका चाकानं तोलून धरला आणि दुसऱ्या चाकाच्या कडेवर तांब्याच्या हातोड्यानं एक ठोका दिला. एकच. परत सेंटरमध्ये. आता चार थाऊ, पण रेघेपासून पाव फेरा पुढं. परत खडू, परत ठोका, या वेळी हलका. ठोका किती जोराचा हे कुठल्या पुस्तकात नाही. विचारलं तर म्हणाले, “लोखंड आवाज देतंय न्हवं का?”

संध्याकाळी दोन्ही काटे दीड थाऊच्या आत आले. उस्तादांनी खडू खिशात टाकला आणि नमाजाला गेले.

१९ जानेवारी

पुण्यात कामासाठी होतो, रविवार होता, म्हणून जुन्या बाजारात चक्कर. मिळालं: ल्युकासच्या हेडलाइटची एक रिंग, थोडी चेपलेली. नाही मिळालं: बाकी सगळं. एका विक्रेत्यानं राजदूतचा कार्बोरेटर ‘ब्रिटिश मिलिटरी’ म्हणून पुढं केला. त्याच्या आत्मविश्वासाला दाद.

९ फेब्रुवारी

लायनर बसला. उद्यमनगरात लायनर ओतणारे आहेत, घासून देणारे आहेत, बोअर करणारे आहेत, आणि सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४० च्या दशकातल्या इंग्रजी मोटारसायकलीचा सिलिंडर आहे, हे ऐकून कुणाची पापणीही हलली नाही. ऑइल इंजिनाचे लायनर ज्यांच्या हातून गेलेत त्यांना यात विशेष काही नाही. बोअर परत मूळच्या ८२ मिलिमीटरवर आणला.

एम-२१ करण्याचा मोह मध्येच होऊन गेला. तिचा बोअर तोच ८२, पण स्ट्रोक ९४ ऐवजी ११२, म्हणून ५९१ सीसी. साइडकार ओढायला बीएसएची खरी गाडी तीच. ब्रिटनच्या ऑटोमोबाइल असोसिएशनचे गस्तवाले पिवळ्या एम-२१ ला हत्यारांची पेटी असलेली साइडकार जोडून रस्त्यावर अडलेल्यांना मदत करत फिरायचे, आणि ते मॉडेल १९६३ पर्यंत चाललं. पण त्यासाठी क्रँकपासून सगळं बदलावं लागेल. मामंजींनी जी गाडी चालवली ती ही नव्हे असं होईल. सोडून दिलं.

गिअरिंग मात्र बदलतोय. साइडकारसाठी इंजिनाकडचा स्प्रॉकेट लहान लागतो. इथं सोलो गाडीचा होता, आता दोन दात कमी असलेला बसवला. टॉप स्पीड कमी होईल. होऊ दे.

२ मार्च

साइडकारची बॉडी. पत्रा काढल्यावर आतला सांगाडा बघून मी आणि सुतारमामा दोघंही गप्प बसलो. अर्धा इंग्रजी लाकडाचा, बहुधा ॲशचा. तिकडचे साइडकारवाले आणि मोटारीच्या बॉडी बांधणारे तेच वापरायचे, कारण ते वाकतं, हादरा खातं आणि तुटत नाही. तो भाग भुंग्यांनी पोखरलेला, बोटानं दाबला की पीठ. आणि खालच्या दोन आडव्या पट्ट्या बाभळीच्या. कुणीतरी पूर्वीच बदललेल्या. त्यांना काहीही झालेलं नाही.

सुतारमामांनी बाभळीची पट्टी नखानं खरवडून वास घेतला. “बैलगाडीच्या चाकाचं लाकूड हाय हे. ज्यानं घातलं त्याला कळत हुतं.” मग प्रश्न आला, उरलेला सांगाडा कशाचा करायचा. इंटरनेटवर ॲशच्या फळ्या मिळतात म्हणे. मामांचं म्हणणं, नाक आणि वरची कड सागाची करू, कारण तिथं वळण आहे आणि वजन नको; खाली जिथं चासीला बोल्ट बसतात तिथं बाभूळच. मला पटलं. बाभळीच्या जुन्या दोन पट्ट्या तशाच राहणार.

ही साइडकार कुणाची, याचा वाद शेडमध्ये रोज होतो. मित्राच्या मते स्वालो, म्हणजे जग्वारची आजी. स्वालोची गोष्ट खरी आहे: १९२२ साली ब्लॅकपूलमध्ये विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली या दोघांनी साइडकारचं दुकान काढलं आणि त्यातूनच पुढं जग्वार झाली. पण त्यांची नाव काढणारी साइडकार अष्टकोनी, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. आमची गोल आणि लोखंडी पत्र्याची. दुसरा उमेदवार बर्मिंगहॅमचं वॉटसोनियन. ते १९१२ पासूनचं. फ्रेड वॉटसनच्या घराची बोळवजा वाट इतकी अरुंद होती की त्यानं दुमडणारी चासी केली, अशी त्याची सुरुवात. आमची चासी दुमडत नाही, पण त्यानं काही सिद्ध होत नाही, पुढं सगळ्याच न दुमडणाऱ्या झाल्या. पाटी सापडेपर्यंत मी तिला नुसतं ‘साइडकार’ म्हणणार. मित्राला जग्वार हवी असेल तर त्यानं घ्यावी.

३० मार्च, पाडवा

रंगाचा निर्णय. पेट्रोलच्या टाकीचा एक कोपरा पॉलिश पेपरनं पाण्यात घासत खाली गेलो. वर काळा, जाड, ब्रशनं मारलेला. त्याखाली मळकट हिरवा. त्याखाली तपकिरी. तपकिरीवर पांढऱ्या आकड्यांच्या कडा, सुरुवातीला ‘सी’. लष्करी नोंदणीचा नंबर. ब्रिटिश सैन्याच्या गाड्या युद्धाच्या मधल्या काळात तपकिरी होत्या आणि १९४४ पासून हिरवट झाल्या. थर त्याच क्रमानं निघाले.

आता येणारा प्रत्येक जण म्हणतो, मिलिटरी हिरवी करा, वर तारा काढा. आणि १९७५ सालचं ते दोस्तीचं गाणं गुणगुणतो. त्यातली गाडी हेच मॉडेल होती, त्यामुळं त्यांना दोष देता येत नाही.

पण ही गाडी सैन्यात असेल तर फार तर चार-पाच वर्षं. पुढं कितीतरी दशकं ती काळी होती. सैन्यात तिला साइडकार नव्हती. साइडकार आली ती मामंजींच्या संसारात, आणि आली तेव्हा दोन्ही काळ्या झाल्या. साइडकारला हिरवा रंग देणं म्हणजे जिनं लढाई पाहिलीच नाही तिला पेन्शन लावण्यासारखं. रंग काळा. टाकीवरचा तो घासलेला कोपरा मात्र लॅकरखाली तसाच उघडा ठेवणार, तीन थर आणि ‘सी’ दिसतील एवढा. उस्तादांना हे अजिबात आवडलेलं नाही. त्यांच्या मते काम अर्धवट वाटेल.

२० एप्रिल

मॅगडायनो. खाली मॅग्नेटो, त्याच्या पाठीवर पट्ट्यानं बांधलेला डायनामो. मॅग्नेटो बॅटरीशिवाय ठिणगी देतो, ही त्याची थोरवी. याचं दुखणं ठरलेलं: थंड असताना सुरू होणार, दहा किलोमीटर गेल्यावर बंद करा, परत सुरू होणार नाही. अर्ध्या तासानं होईल. कारण आर्मेचरच्या पोटातला कंडेन्सर. तो तापला की गळायला लागतो, पॉइंटवर जाळ होतो आणि प्लगला ठिणगी पोचत नाही. शिवाय जुन्या वायंडिंगवरचं शेलॅक (लाखेचा लेप) उष्णतेनं वितळून चिकट होतं आणि आर्मेचर अडकतो. आमच्याकडं दोन्ही.

कोल्हापुरात पंपाच्या मोटारी वाइंड करणारे गल्लोगल्ली, पण मॅग्नेटोची तार केसाइतकी बारीक. एकानं हातात घेऊन परत दिलं, प्रामाणिकपणे. शेवटी मुंबईच्या एका वृद्ध कारागिरानं केलं. पोटात आधुनिक कंडेन्सर, वर इपॉक्सी. टायमिंग मॅन्युअलप्रमाणे लावलं: ठिणगी पूर्ण पुढं घेतलेली असताना पिस्टन टॉपच्या ७/१६ इंच आधी, पॉइंट उघडण्याच्या बेतात. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा, तो सुटला की तोच क्षण.

१८ मे

सुरू झाली. क्रम असा: पेट्रोलचा नळ उघडा, कार्बोरेटरची टिकली दाबून पेट्रोल ओघळू द्या, हँडलवरच्या लिव्हरनं ठिणगी मागं घ्या, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून पिस्टन टॉपच्या जरासा पुढं न्या, डीकॉम्प्रेसर सोडा, किक. ठिणगी मागं घ्यायला विसरलात तर किक परत येते आणि पोटरी लक्षात ठेवते. टॅपेटची फट इनलेटला १० थाऊ, एक्झॉस्ट १२, इंजिन थंड असताना.

आयडलिंगला ठोके मोजता येतात. ॲमलचा कार्बोरेटर झिजलेला असल्यानं ते आयडलिंग डगमगतं. उस्ताद बुलेटचा मिककार्ब बसवायच्या मागं लागलेत: “मालक, पाच मिन्टात सुदारंल.” सुधारेल, मान्य. पण आधी ॲमलच्या बॉडीत बुश घालून बघू.

शेडसमोर पोरं जमली. त्यातल्या एकानं विचारलं, पार्ट शोरूममध्ये मिळत नाहीत का? प्रश्न वाटतो तितका वेडा नाही. बीएसए हे नाव २०१६ मध्ये महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सनं घेतलं आणि १५ ऑगस्ट २०२४ ला नवी गोल्ड स्टार ६५० भारतात विकायला आली. नाव एक, पण एक नटसुद्धा या गाडीला लागणार नाही.

जुलै

पाऊस. रंगाचं काम बंद. या हवेत रंग मारला की वर पांढुरकी साय धरते. त्या वेळात कागदं काढली.

केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. अट अशी की गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. इथंच आरसी बुकातली साइडकारची नोंद कामाला येते. ती नसती, तर साइडकार हाच मुळात एक फेरफार ठरवून कुणीही बोट ठेवलं असतं. बुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी तिजोरीत.

१४ सप्टेंबर

जोडणी. यासाठीच एवढा खटाटोप होता, म्हणून सविस्तर.

शेडची फरशी आधी पाण्यानं तपासली. एका बाजूला उतार निघाला, तिथं पत्र्याचे तुकडे घातले. मग मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना लागून एक लांब ॲल्युमिनियमची चौकोनी नळी, साइडकारच्या चाकाला लागून दुसरी. दोन नळ्यांमधलं अंतर मागं मोजायचं, पुढं मोजायचं. पुढं १८ मिलिमीटर कमी येईपर्यंत खालचे जोड हलवत गेलो. साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या आसापेक्षा आठ इंच पुढं राहिलं. हे अंतर कमी पडलं तर उजव्या वळणावर गाडी साइडकारच्या नाकावर जायला बघते. जास्त झालं तर वळताना टायर घासतो.

मग झुकाव. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा. मागच्या चाकाशेजारी सोडला आणि वरची रिम व खालची रिम दोरीपासून किती हे बघत वरचे दांडे आवळत-सोडवत गेलो. बारा मिलिमीटरचा फरक, म्हणजे दीड अंश, उजवीकडं. हे सगळं माणूस सीटवर आणि वजन साइडकारमध्ये असताना करायचं, नाहीतर स्प्रिंग बसली की सगळी मापं बदलतात. वजन म्हणून शेजारच्या अडत दुकानातून ३० किलोचे दोन गुळाचे रवे आणले. मुंग्या तासाभरात आल्या.

सुट्टीच्या सकाळी शिरोली एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर काढली. आयुष्यभर मोटारसायकल चालवलेल्या माणसाला हे पहिल्यांदा अशक्य वाटतं. ही झुकत नाही. वळायचं तर हँडल खरोखर वळवावं लागतं, ट्रॅक्टरसारखं नेटानं. थ्रॉटल दिला की मोटारसायकल पुढं जाते आणि साइडकार मागं राहते, म्हणून नाक डावीकडं. ब्रेक दाबला की साइडकार पुढं जायला बघते, म्हणून नाक उजवीकडं. एकदा हे अंगात भिनलं की त्याचाच उपयोग करता येतो: डावीकडं वळताना थोडा थ्रॉटल, उजवीकडं वळताना थोडा ब्रेक.

रवे काढून रिकाम्या साइडकारनं डावं वळण जरा जोरात घेतलं, मुद्दाम, मोकळ्या जागेत. साइडकारचं चाक सावकाश वर आलं, बराच वेळ वर राहिलं आणि थ्रॉटल सोडल्यावर खाली बसलं. भीती चाक वर येण्याची नसते. ते वर आलं की माणूस घाबरून हँडल उजवीकडं सोडतो आणि समोरच्या रांगेत घुसतो, ती असते. रिकामी चालवायची नाही, हा शेडचा नियम ठरला.

सरळ रस्त्यावर हात हलका ठेवला तर गाडी सरळ जाते. उस्ताद मागून स्कूटरवर येत होते. थांबल्यावर म्हणाले, “न्हाई रडत आता.”

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाने, लेथ, तांब्याचा हातोडा पुसून पूजा. उस्तादांनी पान्यांचा गठ्ठा आज स्वतःहून आणून ठेवला. गाडीला झेंडूचा हार. काम नाही.

१९ ऑक्टोबर

पन्हाळा. आत्या साइडकारमध्ये. बसताना विचारलं, “गूळ काढलास न्हवं? का मला गुळाच्या जागी बसवतोस?” मग छत नाही, म्हणून पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि वाघबीळ येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिथं पहिलं वाक्य: “तुज्या मामंजींपेक्षा हळू चालवतोस.” मामंजी तिचे, माझे नव्हेत, पण दुरुस्त केलं नाही.

चढ सेकंडला, गुरगुरत, न थांबता. इंजिन तापलं, पण वर पोचल्यावर बंद करून लगेच किक मारली आणि सुरू झालं. मॅग्नेटो पास.

पेट्रोलचा मुद्दा राहिला. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल. ऑक्टेनची या इंजिनाला फिकीर नाही, युद्धात ते हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालायचं. पण इथेनॉल मिश्रण पातळ करतं. प्लग पांढराफटक निघाला. मेन जेट १७० चा काढून १८० चा घातला. पेट्रोलच्या नळातलं बुचाचं सील फुगून अडकलं, तिथं व्हायटॉनची, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची, रिंग बसवली. इथेनॉल बनतं ते आमच्याच पंचगंगेच्या काठच्या उसाचं, म्हणून तक्रार कुणाकडं करायची हाही प्रश्नच.

उतारावर मात्र ब्रेक कमी पडले. सात इंची ड्रम दोन आणि साइडकारला ब्रेकच नाही. आत्याच्या वजनासकट ते थांबवायला वेळ लागतो. उतरताना सेकंड सोडला नाही. उजव्या पायात गिअर, डाव्यात ब्रेक, हेही अजून पायांना पटलेलं नाही.

आत्यानं उतरल्यावर सांगितलेली एक गोष्ट नोंदवून ठेवतो. त्यांच्याकडं ही गाडी बाजूला पडली ती घरात फियाट आल्यावर. तिकडं ब्रिटनमध्येही तेच झालं: १९५९ मध्ये मिनी ४९७ पौंडांना आली आणि साइडकार घेणाऱ्या कुटुंबांना छप्पर असलेली चार चाकं परवडायला लागली. आपल्याकडं फक्त थोडं उशिरा, आणि मधली काही वर्षं बजाजच्या स्कूटरला लावलेल्या साइडकारनं तगवली.

पुढचं काम: दोन्ही ड्रम घासून नवी लायनिंग, मऊ जातीची. साइडकारच्या चाकाला ब्रेक लावायचा का, यावर उस्ताद ‘हो’ म्हणतात, मी अजून नाही. मूळ हबमध्ये जागा नाही आणि हब बदलला तर तो फेरफार. छताच्या कमानी सुतारमामांकडं दिल्यात, कापड काळं, जाड, रेक्झिन नको. आरटीओची तारीख मिळाली की ओळंब्यानं परत एकदा माप घ्यायचं, कारण पन्हाळ्याहून आल्यावर पुढच्या पट्ट्याचा बोल्ट पाव फेरा सैल सापडला.